पाहुण्यांपुढचे पन्नास सेकंद

आमच्या घरात दोन पिढ्या सरकारी नोकरी. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील सचिवालयात, काका कोर्टात. त्यामुळे हैदराबादेत तारनाक्याजवळच्या विद्यापीठातून एमबीए होऊन मी कुकटपल्लीच्या एका खाजगी कारखान्यात लागले, तेव्हा वडिलांनी पेपर बाजूला ठेवून विचारलं, "काय बनवतात तिथे?"

"स्पोर्ट्सवेअर."

"म्हणजे काय?"

"ट्रॅक पॅन्ट."

वडिलांनी चष्मा काढला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला सांगितलं, "अगं ऐकलंस का, तुझी लेक विजारी शिवायला चालली." आई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "एवढं शिकवलंत, भोगा आता."

अहो, मी कुठली शिवतेय! मला साधं बटण लावता येत नव्हतं. माझ्या हुद्द्याचं नाव 'एक्झिक्युटिव्ह, इंटरनॅशनल लिएझन' असं होतं. काम म्हणाल तर परदेशातून आलेला फॅक्स वाचून साहेबांना सांगायचा आणि साहेब जे बोलतील त्यातल्या शिव्या गाळून उरलेलं इंग्रजीत पाठवायचं. नव्वदीच्या दशकातले ते दिवस. 'देशाची दारं उघडली' हे वाक्य तेव्हा जो तो म्हणायचा. आमच्या प्राध्यापकांनी दोन वर्षं दुसरं काही शिकवलंच नाही. दारातून आत कोण येणार आणि आल्यावर त्याला बसवायचं कुठे, एवढं मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

साहेब तेलुगू. आधी शाळेचे गणवेश आणि परकर शिवायचे. दारं उघडल्याबरोबर त्यांनी पाटीवरचं 'गारमेंट्स' रंगवून त्यावर 'इंटरनॅशनल' लिहून घेतलं. रंग स्वस्तातला होता, त्यामुळे ऊन पडलं की खालचं गारमेंट्स पुन्हा दिसायचं. पण नशीब बघा, एका बड्या परदेशी स्पोर्ट्सवेअर कंपनीनं आम्हाला ट्रॅक पॅन्टचं काम दिलं. तेव्हापासून साहेबांच्या तोंडी एकच शब्द बसला, 'वर्ल्ड क्लास'. चहा पातळ झाला तरी कॅन्टीनवाल्याला ऐकवायचे, "ये क्या वर्ल्ड क्लास चाय है क्या रे?"

शिवणाच्या लाइनवर चाळीसेक बायका होत्या. तिथे एक पद्धत होती, साहेबांच्या परकराच्या जमान्यापासूनची. दिवसाचं टार्गेट ठरलेलं. ते पुरं केलं की घरी जायचं. चार वाजता करा, साडेपाचला करा, तुमची खुशी. बायकांना ही पद्धत फार प्यारी होती, कारण प्रत्येकीच्या घरी कोणी ना कोणी वाट बघत असायचं.

सगळ्यांत आधी जायची ती आमची अक्का. लाइनवर सगळ्या तिला अक्काच म्हणायच्या, मीही म्हणायला लागले. मूळची उदगीरकडची, हैदराबादेत येऊन वीस वर्षं झालेली, बोलणं मराठी पण त्यात दखनी आणि तेलुगू हवं तसं मिसळलेलं. तिचं काम कमरेला इलॅस्टिक लावायचं. ट्रॅक पॅन्टमधलं सगळ्यांत कटकटीचं काम हे. इलॅस्टिक ताणत ताणत मशीनखाली घालायचं, कापड कुठे चुरगळता कामा नये आणि ताण सगळीकडे सारखा हवा. रोजचं टार्गेट तीनशे. अक्का नऊला बसायची, चहाला उठायची नाही, आणि चारला तीनशे मोजून देऊन पिशवी उचलायची.

तिची घाई कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिची मुलगी बारावी झालेली, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष थांबून दिलसुखनगरला कोचिंग क्लासला जात होती. क्लास सहाला सुटायचा. अक्काचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात सत्ता सासऱ्यांची. त्यांनी पोरीच्या क्लासला परवानगी दिली ती एका अटीवर, आई रोज स्वतः क्लासच्या दारातून तिला घेऊन येईल तर. एक दिवस जरी पोरगी अंधारात एकटी आली, तर क्लास बंद. म्हणून अक्का चारला निघून, दोन बसेस बदलून, सहाच्या आत दिलसुखनगरला पोचायची. कुकटपल्ली आणि दिलसुखनगर ही गावाची दोन टोकं आहेत, हे हैदराबादच्या माणसाला सांगायला नको.

"पोरगी इंग्रजीत फाडफाड बोलती म्याडम," ती मला सांगायची. "मला एक अक्षर कळत न्हाई, पण ऐकत बसते."

तर एक दिवस फॅक्स आला. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात एमबीए करणारे बारा विद्यार्थी आणि त्यांचे एक प्राध्यापक, कंपनीचे परदेशातले कारखाने बघायला निघाले होते. बारा दिवसांत पाच देश. आमच्या वाट्याला अडीच तास आले होते, त्यात जेवण धरलेलं. मला मेला हेवाच वाटला. आमच्या एमबीएची सहल गेली होती शेजारच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात, आणि आम्ही पोचलो त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. वॉचमननं बाहेरून धुराडं दाखवलं. त्यावर आम्ही वीस पानी अहवाल लिहिला.

साहेबांच्या अंगात मात्र वारं शिरलं. भिंतींना रंग दिला. वाळूच्या लाल बादल्या टांगल्या आणि आत घालायला वाळू शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. बायकांच्या संडासात पहिल्यांदाच साबण आला. तो कोणी पळवू नये म्हणून त्याला भोक पाडून सुतळीनं नळाला बांधला. कामगारांच्या आरोग्यासाठी अंगणात बॅडमिंटनचं नेट लावलं, पण रॅकेट आणायचं कोणाला सुचलं नाही आणि मालाचा ट्रक वळेना, म्हणून ड्रायव्हर दिवसातून चार वेळा ते सोडायचा आणि शिव्या देत पुन्हा बांधायचा. रिजेक्ट झालेली जॅकेट काढून सगळ्या बायकांना साडीवरून घालायला दिली. मे महिना, वर पत्रा. कोणाला काय बोलायचं!

आणि मी? मी शहाणी. मी आदल्या दिवशी लाइनवर फिरून प्रत्येकीला सांगितलं, "उद्या पाहुणे येतायत. जरा हात चालवा. आपल्या गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे." हे वाक्य साहेबांचंच होतं. 'इज्जत का सवाल है अम्मा' असं ते मला सकाळपासून सात वेळा म्हणाले होते.

अक्का हसली. "पाव्हणे येणार म्हणल्यावर सांगाय लागतंय का वो म्याडम?"

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. दारात बायकांनी कंपनीच्या बोधचिन्हाची ही एवढी रांगोळी काढली होती, उंबरठाभर. पाहुणे दारातच अडले. ज्या कंपनीच्या खर्चानं फिरतोय तिच्या चिन्हावर पाय कसा द्यायचा? प्राध्यापक क्षणभर घुटमळले आणि मग चक्क उडी मारून आत आले. मागोमाग बाराही जणांनी उड्या मारल्या. साहेब माझ्या कानात म्हणाले, "देखे? स्पोर्ट्स के लोगां हैं." मग कुंकू, हार, कापूर. एक उंच विद्यार्थी कापराच्या धुरानं शिंकायला लागला तो जेवणापर्यंत शिंकतच राहिला.

पाहुणे लाइनवर आले आणि चाळीसही मशीनं एकदम अशी पळायला लागली की पत्रा हलायला लागला. मी तिथे रोज वावरणारी, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कोणी मान वर करेना, पाणी प्यायला उठेना. हे बघा, आपल्या घरी पाहुणा ताटावर बसलेला असताना कोणी सावकाश पोळी लाटतं का? हात आपोआप भरभर चालतो. त्या बायकांनी तेच केलं. तपासणीला आलेल्या लोकांना त्यांनी पाहुणे धरलं, एवढीच त्यांची चूक.

प्राध्यापक अक्काच्या मागे उभे राहून कौतुकानं बघत होते. मग विद्यार्थ्यांना म्हणाले, "मागच्या देशातल्या कारखान्यात हेच काम पंचावन्न सेकंदांत होत होतं. ऑफ कोर्स, त्यांच्याकडे मशीन चांगली आहेत." त्या ऑफ कोर्सनं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आम्ही मागेच असणार हे यांनी विमानात बसतानाच ठरवलं होतं!

त्यांच्यात एक मुलगी होती. माझ्याच वयाची, खांद्याला भलीमोठी पिशवी, हातात स्टॉपवॉच. बाकीचे फोटो काढत होते, ही अक्काच्या मशीनशेजारी सरळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेका पॅन्टची वेळ लिहायला लागली. दहा पॅन्ट झाल्यावर तिनं सरासरी काढली. पन्नास सेकंद. मी मनातल्या मनात प्राध्यापकांना म्हटलं, घ्या!

पण ती मुलगी खूश दिसेना. ती मला म्हणाली, "प्लीज, यांना विचाराल का, या रोज याच वेगानं काम करतात का? कोणी बघत असलं की माणूस जास्त जोरात काम करतो. मला यांचा खरा वेग हवाय. माझ्या अहवालावरून कंपनी टार्गेट तपासणार आहे, ते जास्त असेल तर मला तसं लिहायचंय."

बघा. यापेक्षा स्पष्ट कोणी काय बोलायचं? मी अक्काला विचारलं.

अक्कानं हात न थांबवता उत्तर दिलं, "न्हाई वो. रोज असं केलं तर खांदे निखळून पडतील माझे. पाव्हणी समोर बसली म्हणून हात चालू हाय. रोजचं म्हणलं तर एका पॅन्टीला सव्वा मिनिट लागतंय. तसंच सांगा तिला. लेकरू चांगलंय, खाली बसलंय बिचारं."

ती मुलगी पेन धरून माझ्याकडे बघत होती. प्राध्यापक बघत होते. साहेब मागून खाकरले. आणि मी इंग्रजीत म्हटलं, "ती म्हणते, रोज असंच. एखाद्या दिवशी याहून थोडं जास्तच."

"नक्की?" त्या मुलीनं विचारलं.

"अगदी नक्की," मी म्हटलं.

का बोलले मी असं? नोकरीची भीती नव्हती, साहेबांनी शिकवलं नव्हतं. त्या एका क्षणी मला त्या पंचावन्न सेकंदवाल्या देशाला हरवायचं होतं, बास. स्वतः बटण लावता न येणारी मी, अक्काच्या खांद्यांवर उभी राहून जिंकले. प्राध्यापकांनी शीळ घातली. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्काला वाटलं, आपण खरं बोललो त्याचं कौतुक चाललंय, आणि ती लाजली. त्या मुलीनं तिला हात जोडून नमस्कार केला, तिचा फोटो काढला. नंतर मंडळींनी कमी तिखटाची बिर्याणी खाल्ली, तीही पाणी पिऊन पिऊन, आणि चारमिनार बघायला निघून गेली. जाताना सगळ्यांनी पुन्हा रांगोळीवरून उड्या मारल्या.

दोन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. रंगीत तक्ते, आलेख, आणि एक अख्खं पान अक्कावर. वर तिचा फोटो, खाली चार ओळी. कंपनीनं पाचही देशांतल्या कारखान्यांमध्ये इलॅस्टिकच्या कामात आम्हाला पहिला नंबर दिला होता. साहेबांनी सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं वाटली आणि ते पान माझ्या टेबलामागच्या बोर्डावर लावलं. मला मॅनेजर केलं आणि चाकांची खुर्ची दिली. वडिलांनी पहिल्यांदाच शेजाऱ्यांना सांगितलं, मुलगी एक्स्पोर्टमध्ये आहे म्हणून.

पाकिटात आणखी एक कागद होता. इलॅस्टिकचं नवं टार्गेट, चारशे. कंपनीनं उदारपणे पन्नास सेकंदांवर आणखी पंधरा-वीस सेकंदांची सूट दिली होती, दम खायला.

साहेबांनी बायकांना गोळा करून भाषण ठोकलं. "काम पुरं झालं की घरी जायचं, ही तुमची सवलत मी काढलेली नाही," ते म्हणाले. "या जागतिक स्पर्धेतसुद्धा मी तिला हात लावलेला नाही." टाळ्या वाजवायला त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

अक्काला चारला तीनशे व्हायच्या आणि शंभर उरायच्या. ती संपवून उठेपर्यंत सहा वाजायचे. पहिल्या दिवशी पोरगी क्लासच्या पायरीवर साडेसातपर्यंत बसून होती. दुसऱ्या दिवशी अक्कानं जेवणाची सुट्टी घेतली नाही, पोळीचा घास तोंडात धरून मशीन चालवलं, तरी साडेपाच झाले. तिसऱ्या दिवशी तिनं पाहुण्यांपुढचा वेग धरला, आणि दुपारी दोनला तिचा उजवा हात वर जाईना. पाचव्या दिवशी पोरीला वाट बघवेना, ती एकटी बसमध्ये बसून घरी आली. अंधार पडला होता. सासरे दारातच बसलेले.

हे मला अक्कानंच सांगितलं. रडली वगैरे नाही. "आता क्लास नक्को म्हणले मामंजी," एवढंच म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. अक्का काय म्हणाली होती आणि मी काय सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग इंग्रजीत म्हणाले, "लिहा ना कंपनीला. मी अडवतो का? तुम्हीच लिएझन आहात. लिहा, की आमच्या मॅनेजरनं खोटं सांगितलं. मग ते विचारतील, अजून काय काय खोटं होतं. मग ऑर्डर जाईल. मग चाळीसही बायका चारच्या आधीच घरी जातील, रोज." आणि वर दखनीत, "सोच लो अम्मा."

मी पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. तिसरं अगदी सुरेख झालं होतं, एकही खाडाखोड नाही, खाली माझी सही. ते मी टेबलाच्या खणात ठेवलं. उद्या पाठवू म्हटलं. चाळीस बायकांची काळजी वाटते म्हणून पाठवत नाही, असं मी स्वतःला समजावत होते. खोटं सांगत होते मी. मला माझी फजिती नको होती. कुठल्यातरी परक्या गावातली ती जमिनीवर बसणारी मुलगी मला काय म्हणेल, याची मला धास्ती वाटत होती.

पंधरा दिवसांनी एका सकाळी अक्का माझ्या टेबलाशी आली. बरोबर मुलगी. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. सडपातळ, दोन वेण्या, नजर धीट.

"म्याडम, हिला घ्या कामावर," अक्का म्हणाली. "अठरा पूर्ण झाले. दोघी शेजारी बसलो तर माझा हात दुखंल तवा ही सांभाळंल. घरी बसून तरी काय करणार?"

मी म्हटलं, "अक्का, क्लासचं काय? मी तुमच्या सासऱ्यांशी बोलते. मी स्वतः जाऊन तिला..."

"नक्को म्याडम. झालं ते." तिनं मान हलवली. "फारम द्या."

मी फॉर्म काढला. मुलगी तो भरायला वाकली आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून बोर्डावर गेली. आईचा फोटो दिसल्यावर तिचा चेहरा खुलला. ती पुढे सरकली आणि खालच्या चार ओळी वाचायला लागली. वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी पडली.

"आई, तू असं म्हणालीस?"

"काय?"

"इथं लिहिलंय. तुला विचारलं, रोज एवढ्याच वेगानं करता का? तर तू सांगितलंस, रोज असंच, एखाद्या दिवशी याहून जास्तच." तिनं आईकडे बघितलं. "असं का म्हणालीस तू?"

अक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोलेल. बोलावं, चार लोकांत बोलावं, असंही वाटलं. फॉर्मवर माझा हात होता, खाली मॅनेजरच्या सहीची जागा कोरी होती, आणि अक्काची नजर माझ्यावरून त्या कोऱ्या जागेवर गेली.

"म्हणले आसंल मी," अक्का मुलीला म्हणाली. "पाव्हणे होते. तू सही कर."

मुलीनं सही केली. इंग्रजीत, पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. मग कागद उलटा फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि मला पेन दिलं.